कोरडवाहू घराचे हातकाम : सोलापूर जिल्ह्यातील अनुभव

आवाहन (उत्तर सोलापूर)

आपल्या जिल्ह्यात पाऊस मुळातच बेताचा, वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातलाही भरवशाचा म्हणावा तो सप्टेंबरातला. त्यामुळे इथल्या कोरडवाहू घराचे वर्ष शाळूभोवती, म्हणजे रब्बी ज्वारीभोवती, फिरते. उत्तरा-हस्तात पेरणी, पौषात हुरडा, माघ-फाल्गुनात काढणी आणि मृगापर्यंत उसंत, असा हा क्रम. या कामांच्या मधल्या फटींत घरोघरी काही ना काही वळले, विणले, शिवले आणि लिंपले जात असे. हल्ली प्रदर्शनांत या वस्तू ‘ग्रामीण कला’ म्हणून मांडलेल्या दिसतात, परंतु ती वस्तू कोणत्या महिन्यात, कशाच्या उरल्यासुरल्यातून आणि कोणाच्या हातून झाली हे तिथे कुठेच लिहिलेले नसते. ज्यांच्या घरी लहानशी शेती होती किंवा आहे, त्यांनी आपल्या घरचे एखादे हातकाम त्याच्या हंगामासह लिहावे, ही विनंती. सणांचे उल्लेख येणारच. फराळाच्या याद्या मात्र नकोत, त्या इतरत्र पुष्कळ आहेत.

मंगळवेढा

मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात आणि 2016 साली इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले, पण हे कोठार जमिनीखाली होते हे आमच्या मुलांना सांगूनही खरे वाटत नाही. आमच्या वाड्यात पेव होते. ते गावठाणाच्या पांढऱ्या मातीत खणलेले असे, कारण काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. तोंड एक माणूस उतरेल एवढेच आणि पोट मोठे. आबा तळाला आणि कडेने कडब्याचे जाड थर लावून घेत, मग ज्वारी भरली जाई, वर पुन्हा कडबा, त्यावर फरशी आणि शेवटी मातीचा गिलावा. आषाढात घरची ज्वारी संपली की पेव उघडत. मात्र उघडल्याबरोबर आत उतरण्याची कोणाची छाती नसे, कारण कोंडलेल्या धान्याने आतली हवा मारक झालेली असते. बराच वेळ तोंड उघडे ठेवून मग कंदील दोरीने खाली सोडत, आणि ज्योत विझली तर ते काम दुसऱ्या दिवसावर जाई. कडेची ज्वारी काळपट पडलेली आणि उग्र वासाची निघे, ती जनावरांना. मधली मात्र चांगली राहत असे.

हातकाम म्हणून मला विशेष आठवते ते पेंढीचे आळे, म्हणजे पेंढी बांधायचा ताटांचाच बंध. मालदांडी ज्वारी आम्ही कापत नाही, उपटतो, आणि उपटण्याचे काम पहाटेच चालते, कारण ऊन चढले की वाळलेल्या पात्याने हात चिरतात. पहाटे दहिवराने ताटेही मऊ असतात. दोन ताटांचे शेंडे एकमेकांत घालून, पिळा देऊन त्याचा बंध करायचा, त्यावर पेंढी ठेवायची, गुडघ्याने दाबायची आणि उरलेली टोके पिळून आत खोचायची. गाठ मारायची नसते. माझी चुलती हे काम बोलता बोलता करी आणि तिने बांधलेली पेंढी बैलगाडीत फेकली तरी सुटत नसे. उन्हात वाळलेल्या ताटाचे आळे कितीही कसबी माणसाने केले तरी तडकतेच, म्हणून न्याहारीच्या आत जेवढे बांधून होईल तेवढेच त्या दिवसाचे काम.

अक्कलकोट

मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येविषयी कोणीतरी लिहीलच, म्हणून भज्जी-आंबिलीचा उल्लेख करून मी पुढे सरकतो. आमचे आप्पा रानात कन्नड आणि घरात मराठी बोलत. अमावस्येच्या सकाळी ते गेल्या वर्षीच्या कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपी, उभी करीत, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडत आणि पूजा झाल्यावर आंबील पिकावर शिंपडत. हा दिवस संपला की शाळवाची खरी राखण सुरू होई, कारण कणसात दूध भरू लागले की पाखरांचे थवे उतरतात. राखणीसाठी गोफण लागे, आणि ती घरीच विणली जाई.

गोफण विणणे हे मुलांचे काम, पण ते आजीच्या देखरेखीखाली. अंबाडीचा वाख (तंतू) ओला करून त्याच्या तीन पेडी वेणीसारख्या घालत जायच्या. मधोमध आल्यावर पेडी फाकवून त्यांत आडवे धागे भरत तळहाताएवढी झोळी विणायची आणि पुन्हा पेडी एकत्र घेऊन दुसरी दोरी पुरी करायची. एका टोकाला बोटात अडकवण्यासाठी फासा ठेवायचा, दुसरे टोक मात्र बांधायचे नाही, त्याचे तंतू मोकळे सोडायचे. गरगर फिरवून ते टोक सोडले की त्या मोकळ्या तंतूंचा कडाका उडतो, आणि पाखरे खड्याला नव्हे तर त्या आवाजाला उठतात. आजी झोळीत खडा न घालताच गोफण फिरवायला लावी आणि कडाका आला नाही तर शेवटची वीतभर वेणी उसवायला सांगे. माचणावर बसून मोबाईलवर कर्णा वाजवणारी आजची पोरे मी पाहतो. दोन दिवसांत पाखरे त्या आवाजाला सरावतात, हे मात्र त्यांनाही मान्य आहे.

सांगोला

आमच्या घरी घोंगडी विणली जात नसे, तरी आमच्या रानाशिवाय ती पुरी होत नसे, म्हणून लिहिते. सुगी झाल्यावर रिकाम्या रानात धनगरांच्या मेंढ्या बसवायच्या, त्यांच्या लेंड्यांचे खत रानाला आणि बदल्यात त्यांना धान्य, असा व्यवहार दरवर्षीचा होता. कातरणीनंतर काही लोकर आमच्याकडे येई आणि आजी ती पिंजून चरख्यावर कातत असे. काळ्या लोकरीला ती रंग देऊ देत नसे. सूत झाले की ते गावातल्या सनगरांच्या घरी जाई, विणकर तेच.

आम्हा मुलांचा वाटा चिंचोक्यांचा होता. बांधावरच्या चिंचेची फळे उन्हाळ्याच्या तोंडी झोडपून आणली की बायका ओसरीवर चिंच फोडत बसत आणि निघालेले चिंचोके आम्ही पोत्यात भरून ठेवत असू. ते भिजवून, साल काढून, वाटून शिजवले की त्यांची चिकट खळ तयार होते. सनगरांच्या अंगणात ताणा लांबच लांब ताणून दोन्ही बाजूंनी कुंच्याने ती खळ चोळत, आणि ती उन्हात कडक वाळल्याखेरीज ताणा मागावर चढत नसे. म्हणून पावसाळ्यात त्यांचे हे काम बंद असे. मागावर येणारी पट्टी अरुंद असते, अशा पट्ट्या जोडून घोंगडी पुरी होते. नवी घोंगडी पाठीला चक्क टोचते आणि पहिल्या पावसात तिला आंबूस वास सुटतो. तरीही घोंगडीची खोळ घेऊन भर पावसात कुळवामागे चालणाऱ्या माणसाला प्लास्टिकचा कागद पांघरलेल्या माणसापेक्षा कमी थंडी वाजते, असे माझे वडील शेवटपर्यंत म्हणत आणि त्याप्रमाणे वागतही.

जत्रेत हल्ली मिळणाऱ्या गुळगुळीत, हलक्या घोंगड्या बहुधा यंत्रावरच्या आणि मिश्र धाग्याच्या असतात. विकत घेणाऱ्याने त्या घ्याव्यात, पण त्यांच्याकडून पाऊस अडवण्याची अपेक्षा करू नये.

माढा

वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, हा विषय कोणी घेतला नाही याचे आश्चर्य वाटले. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा चैत्र लागला की आमच्या आत्याबाई जुनी लुगडी आणि धोतरे धुऊन, उन्हात घालून एका गाठोड्यात बांधून ठेवत. दुपारी ओसरी सारवून वाळली की एक अखंड लुगडे अंथरायचे, त्याच्या चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, उखळातला मुसळ असे हाताला येईल ते वजन ठेवायचे आणि त्यावर फाटक्या कापडांचे थर लावत जायचे. थर लावणे हेच कसब. जिथे दोन फाटकी टोके एकमेकांवर येतात तिथे गाठोळे होते आणि ते झोपणाऱ्याच्या कुशीला लागते, म्हणून आत्याबाई डोळे मिटून सगळ्या वाकळेवरून तळहात फिरवत आणि बरोबर त्या जागी बोट ठेवून ‘हे काढ’ म्हणत. मग वरचे लुगडे, मोठे कच्चे टाके, आणि त्यानंतर चारी बाजूंना चार जणी बसून कडेकडून आत येणारा धावदोरा. जुनी वाकळ विरली तरी टाकून देत नसत. ती नव्या वाकळेच्या पोटात जाई.

आता हे काम बंद पडण्याच्या कारणाविषयी. ‘हल्लीच्या बायकांना कष्ट नकोत’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याला उत्तर दिलेच पाहिजे. उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले, पुढे कालव्यांचे पाणी आले आणि आमच्या भागात शाळवाच्या जागी ऊस आला. ज्वारीला फाल्गुनानंतर काम नसते. उसाला मात्र वैशाखातच पाण्याची सर्वाधिक गरज असते. लागण जानेवारी-फेब्रुवारीतल्या ‘सुरू’ हंगामातली असो की खोडवा (तोडलेल्या उसाचे पुन्हा फुटलेले पीक) असो, पाण्याची पाळी आणि विजेची वेळ सांभाळत रात्री-अपरात्री रानात जावे लागते, आणि त्या कामात घरातल्या बायका पुरुषांच्या बरोबरीने असतात. ज्या महिन्यात चार जणी चार बाजूंना बसत, तो महिनाच उसाने घेतला. पैसा आला, मुलांची शिक्षणे झाली, त्याबद्दल माझी तक्रार मुळीच नाही. परंतु वाकळ आळसामुळे गेली असे कोणी म्हणू नये.

दुसरे कारण कापडाचे. सुती नऊवारीऐवजी कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. त्यांची वाकळ अंगावरून घसरते, घाम शोषत नाही आणि सुईखाली कापड सरकते. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतली चिंधी किलोवर मिळते, ती आणून माझी जाऊ पायपुसणी करते. वाकळेला ती चालत नाही, तुकडे फार लहान पडतात.

पंढरपूर

वाखाचा उल्लेख वर आला म्हणून थोडी भर. आमच्याकडे दोरखंडासाठी बांधावरचे घायपात वापरत. आम्ही त्याला केकताड म्हणतो. पाती कापून ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली दाबून ठेवायची, ती कुजली की बडवून, धुऊन वाख काढायचा. त्या पाण्याची दुर्गंधी आणि रसाने हाताला सुटणारी खाज या दोन गोष्टी कोणत्याही प्रदर्शनात येत नाहीत. नवे कासरे, दावी आणि नाडे गावातली मातंग कुटुंबे वळून देत आणि सुगीत खळ्यावर त्यांचा वाटा काढून ठेवलेला असे. ते कसब त्यांचे होते, ते आमचे म्हणून सांगणे योग्य होणार नाही. आमच्या घरी फक्त तुटलेल्या कासऱ्याला सांधा घालणे आणि आषाढातल्या बेंदराआधी म्होरक्यांना गोंडे लावणे एवढेच होई. सांधा घालताना दोन्ही टोकांचे पेड उकलून एकमेकांत गुंफायचे असतात. साधी गाठ मारली तर ती मोटेच्या किंवा वेसणीच्या कडीत अडकते. आता घरी बैल नाहीत, नायलॉनचा दोर म्हशीच्या गळ्याला काचतो, तेव्हा वडील त्यावर जुन्या धोतराची पट्टी गुंडाळतात.

बार्शी

आमच्याकडे तूर मुख्य असल्याने तुराट्या हीच घरची साधनसामग्री होती. झोडणी झाली की बारीक काड्या जळणाला, आणि सरळ, लांब तुराट्या कुडासाठी (भिंतीसाठी) व कोंबड्यांच्या खुराड्यासाठी वेगळ्या काढत. कुड बांधून दोन्हीकडून शेणमातीने लिंपला की कितीतरी वर्षे टिके. वाळवी मात्र आधी दाराच्या बाजूने लागते. धान्य साठवायच्या कणगीसाठी तुराट्या आमच्याकडे वापरत नसत, त्या वाकवल्या की मोडतात. जुन्या लोकांच्या कणग्या निरगुडीच्या होत्या असे ऐकतो. कोणाला ते काम येत असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

करमाळा

बार्शीकरांच्या विचारणेवरून लिहितो. आमच्या चुलत्यांना निरगुडीची कणगी विणता येते. फोक ओढ्याकाठचे, करंगळीएवढे आणि सरळ घ्यावेत, आणि कापल्यावर ते ओले असतानाच विणायला बसावे. सुकले की पाण्यात भिजवूनही पहिल्यासारखे लवत नाहीत. बुडासाठी जाड फोक एकमेकांवर आडवे-उभे टाकून त्यांचीच टोके वर वळवून उभे दांडे करायचे. हे दांडे विषम संख्येत हवेत. सम झाले तर विणणारा फोक प्रत्येक फेरीत त्याच दांड्याच्या पुढून आणि त्याच दांड्याच्या मागून जातो आणि वीण धरतच नाही. अशा वेळी चुलते एक जादा दांडा मध्येच खोचून घेतात. पोट फुगवायचे असेल तर दांडे बाहेर ढकलत, आणि तोंड आवळायचे असेल तर आत ओढत विणावे लागते, त्यासाठी एक माणूस आत उभा राहिला तर काम सोपे होते. विणून झाल्यावर सावलीत वाळवून शेण आणि पांढरी माती कालवून आतून-बाहेरून लिंपायचे, भेगा पडतील तिथे दुसरा हात द्यायचा, आणि धान्य भरताना मधूनमधून वाळलेला कडुलिंबाचा पाला टाकायचा. कणगी जमिनीवर न ठेवता दगडांवर ठेवावी, म्हणजे खालून ओल धरत नाही आणि उंदीर लागला तर दिसतो. आमच्या घरी ती अजून वापरात आहे, परंतु ज्वारी पत्र्याच्या कोठीत गेली असून कणगीत सध्या म्हशीची पेंड असते.