दावण तीच, फी मात्र एक लाख डॉलर

इंद्रायणीकाठ

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशीची गोष्ट. भाची चिंचवडला आली होती, तीन वर्षांनी. शनिवारी सकाळी सातला तिला कंपनीच्या वकिलांची मेल आली: असाल तिथून निघा आणि मुदतीच्या आत अमेरिकेत पोचा. अमेरिकेत तेव्हा शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५ ची रात्र होती. एच-वन-बीच्या (कुशल परदेशी माणसाला अमेरिकेत तात्पुरत्या नोकरीसाठी कंपनीमार्फत मिळणाऱ्या व्हिसाच्या) नव्या अर्जावर एक लाख डॉलर भरायला लावणाऱ्या हुकमावर ट्रम्प यांनी नुकतीच सही केली होती आणि आपल्या घड्याळाप्रमाणे रविवारी सकाळी साडेनऊला तो लागू होणार होता. बहिणीने वड्यांसाठी भिजत घातलेली डाळ तशीच राहिली. पोरगी दुपारच्या विमानाने गेली. ती हवेत असतानाच खुलासा आला की ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना ही फी लागू नाही.

तेव्हापासून घरी, नातेवाइकांत, सोसायटीत एकच विषय. कोणी म्हणतं ट्रम्पने घोर अन्याय केला, कोणी म्हणतं बरं झालं, पोरं परत येतील. मला दोन्ही पटत नाही.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात पर्सनल खात्यात २६ वर्षं काढली. एकाच मशीनवर पहिल्या पाळीत कायम कामगार आणि दुसऱ्या पाळीत कंत्राटी, हे रोज बघितलं. कंत्राटी माणूस कामाला कमी नसायचा. पण तो तोंड उघडू शकत नव्हता, कारण तोंड उघडलं की दुसऱ्या दिवशी गेटपास बंद. त्याच्या त्या गप्प बसण्यामुळे कायम कामगाराचाही करार दर वेळी हलका होत गेला. कायमवाले कंत्राट्यांवर चिडायचे. चिडायला हवं होतं गेटपासच्या पद्धतीवर.

एच-वन-बीचं नेमकं हेच आहे. १९९० च्या कायद्याने आलेला हा व्हिसा. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,०००. तीन वर्षं, मग वाढवून सहा. त्यापुढे राहायचं तर कंपनीने ग्रीन कार्डाची, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याची, प्रक्रिया सुरू केलेली हवी. आणि ग्रीन कार्ड? नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,०००, त्यात कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. भारतीयांची रांग २०२५ च्या अखेरीस २०१३ च्या आसपासच्या अर्जांवर अडकलेली होती. म्हणजे सहा वर्षांसाठी आलेला माणूस पंधरा-पंधरा वर्षं 'तात्पुरता' राहतो. नोकरी गेली तर हातात ६० दिवस, तेवढ्यात दुसरी कंपनी नाहीतर सामान बांधा. असा माणूस पगारवाढ मागेल? रविवारी रात्री काम आलं तर नाही म्हणेल?

दाव्याला बांधलेलं माणूस मिळतं म्हणून ते हवंसं वाटतं. दावं सोडा, म्हणजे अमेरिकन कामगाराचंही नुकसान थांबेल. एक लाखाची फी त्या दाव्याला हातसुद्धा लावत नाही.

अटकेपार

ताई, तुमच्या भाचीला झालेला त्रास खरा आहे आणि तो हुकूम ज्या पद्धतीने आला त्याचं समर्थन मी करणार नाही. पण फी योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. मी स्वतः १९९८ साली वायटूकेच्या, म्हणजे २००० साल लागण्यापूर्वी कॉम्प्युटरच्या तारखा दुरुस्त करायच्या कामाच्या, लाटेत एच-वन-बीवर आलो, सिएटलमध्ये आहे, आता इथला नागरिक आहे.

तुम्ही कंत्राटी कामगाराची बाजू मांडलीत, मी कायमवाल्याची मांडतो. २०१४ च्या अखेरीस ऑर्लँडोला डिस्नेच्या सुमारे अडीचशे आयटी कर्मचाऱ्यांना सांगण्यात आलं की तुमचं काम बाहेरची कंपनी करणार, आणि जाण्यापूर्वी नव्या लोकांना केटी, म्हणजे कामाची माहिती, देऊन जा. त्या नव्या लोकांत एच-वन-बीवाले होते. आपलीच खुर्ची घेणाऱ्याला शेजारी बसवून आपलं काम शिकवायचं. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात सदर्न कॅलिफोर्निया एडिसनमध्येही असंच घडलं. त्या माणसांच्या जागी आपले बाबा आहेत असं समजून बघा.

आणि हे सगळं कायद्यात बसत होतं. ज्यांचे पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त लोक एच-वन-बीवर आहेत त्या कंपन्यांना जादा अटी आहेत, अमेरिकन माणसाला काढून त्या जागी आणणार नाही वगैरे. पण वर्षाला ६०,००० डॉलर पगार दिला की त्या अटींतून सूट. हा आकडा १९९८ चा, आजवर बदललेला नाही. त्या साली मला हा पगार मोठा वाटला होता. आज सिएटलमध्ये त्यात घरभाडं भागवताना नाकी नऊ येतील. एच-वन-बीसाठी सरकारने ठरवलेल्या पगाराच्या चार पातळ्या असतात, त्यातली पहिली म्हणजे त्या भागात तेच काम करणाऱ्या शंभर जणांना पगाराच्या क्रमाने उभं केलं तर खालून सतराव्याचा पगार. 'जगातली उत्तम बुद्धिमत्ता' म्हणून आणलेला माणूस खालून सतरावा कसा?

आपल्या लोकांनी केलेलं पण सांगितलं पाहिजे. जागांपेक्षा अर्ज जास्त येतात म्हणून एच-वन-बीची लॉटरी काढतात; २०२३ च्या लॉटरीत सुमारे ७ लाख ८० हजार नोंदण्या आल्या. त्यातल्या चार लाखांहून जास्त अशा उमेदवारांच्या होत्या ज्यांच्या नावाने एकाहून अधिक अर्ज होते. एकाच मुलाची चिठ्ठी चार-पाच कन्सल्टन्सींनी, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या कंपन्यांनी, टाकायची. माणशी एकच चिठ्ठी असा नियम आल्यावर पुढच्या वर्षी आकडा पावणेपाच लाखांच्या घरात आला. ज्या मुलाने प्रामाणिकपणे एकच अर्ज केला त्याचं वर्ष या लोकांनी खाल्लं. फी लावली की खरोखर गरज असेल तोच अर्ज करेल.

ओपीटीवर_अजून

अटकेपार काका, मी तोच प्रामाणिक एक अर्जवाला. डॅलसला ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर स्टुडंट व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर आहे, २०२३ मध्ये नंबर लागला नाही, २०२४ मध्येही नाही. त्यामुळे कन्सल्टन्सीवाल्यांवर माझा राग तुमच्यापेक्षा जास्तच असेल.

पण फीचा नेम चुकलाय. ऑक्टोबरात खुलासा झाला की इथेच असलेला विद्यार्थी स्टुडंट व्हिसावरून एच-वन-बीवर गेला तर ही फी नाही. म्हणजे माझ्यासारखा वाचला. बसली कोणाला? बाहेरून माणूस आणणाऱ्याला. मोठी कंपनी तेच काम हैदराबादला नाहीतर व्हँकुव्हरला हलवेल, तिला काय फरक पडतो. पण दहा जणांची छोटी कंपनी? इथल्या आडगावातलं हॉस्पिटल? तिथे एच-वन-बीवरचे डॉक्टर काम करतात, आणि त्यांची जागा घ्यायला शहरातून कोणी येत नाही.

पगाराचं म्हणाल तर त्याचा इलाज डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमात थोडाफार आहे. चौथ्या पातळीच्या पगाराला लॉटरीत चार चिठ्ठ्या, पहिल्या पातळीला एक. तुम्हाला हे न्याय्य वाटेल. मला बावीस महिन्यांचा अनुभव आहे, घरावर शिक्षणाचं कर्ज आहे, आणि आता माझी चिठ्ठी वीस वर्षं अनुभव असलेल्याच्या चार चिठ्ठ्यांशी लढणार. नवीन माणूस खालच्या पातळीवरच सुरुवात करणार ना? तुम्हीही १९९८ मध्ये तिथूनच केली असेल.

मावळवारा

सगळ्यांचं वाचलं. हिंजवडीतून लिहितोय. मला हे रडगाणं समजत नाही. अमेरिका त्यांची, दरवाजा त्यांचा. इथे उद्योगांनी ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात असा आपल्या शासनाचा जुना आग्रह आहे, आणि भूमिपुत्रांना डावललं की आपण आवाज उठवतो. मी स्वतः उठवला आहे. मग अमेरिकन माणसाने तेच म्हटलं की तो अन्याय कसा? एकच माप लावू या.

दुसरं, फायदा बघा. परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं, ज्यांना जीसीसी म्हणतात, ती भारतात १,७०० च्या वर गेली आहेत आणि त्यांत १९ लाखांच्या आसपास लोक आहेत. खराडी, बालेवाडी, मगरपट्टा बघून या. माझ्या टीमचा मॅनेजर पुण्यात बसतो आणि त्याच्या हाताखाली न्यूजर्सीतले लोक आहेत. दहा वर्षांपूर्वी हे उलटं होतं. दरवाजा जितका घट्ट लागेल तितकं काम इकडे येईल. मग कशाला तिकडे जाऊन दाव्याला बांधून घ्यायचं?

तुळशीकट्टा

मावळवारा, 'कशाला जायचं' हे निघण्यापूर्वी विचारायचं असतं. आम्ही चौदा वर्षांपूर्वी निघालो. आता मुलगी सतरा वर्षांची आहे. पुण्यात जन्मली, तीन वर्षांची असताना इथे आली, मराठी बोलते पण वाचता येत नाही. २१ व्या वर्षी ती आमच्या ग्रीन कार्डाच्या अर्जातून बाहेर पडेल, आणि तोवर आमचा नंबर लागणार नाही हे दिसतंय. मग ज्या गावात ती वाढली तिथेच तिने परदेशी विद्यार्थिनी म्हणून व्हिसा मागायचा. 'परत या' म्हणणाऱ्यांनी तिला समोर बसवून सांगावं की नक्की कुठे परत.

मी आर्किटेक्ट आहे. एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर आले, सहा वर्षं घरी बसले. काम करायची परवानगी २०१५ पासून मिळायला लागली, तीही सहसा नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची आय-१४० पायरी (कंपनीने त्याच्यासाठी केलेला अर्ज) मंजूर झाली असेल तरच. ती होईपर्यंत माझ्या बरोबरच्या मुली पुण्यात स्वतःची ऑफिसं काढून बसल्या होत्या. आयटीतल्या पुरुषांच्या पगाराच्या या चर्चेत आम्ही कुठेच नसतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

अटकेपार, तुम्हाला ग्रीन कार्ड किती वर्षांत मिळालं?

अटकेपार

तुळशीकट्टा, पाच वर्षांत. तेव्हा रांग अशी नव्हती. तुमच्या मुलीच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही आणि तिच्याबाबतीत इथला कायदा क्रूर आहे हे मान्य करतो.

पण इंद्रायणीकाठ ताईंचं दाव्याचं उदाहरण पूर्ण बरोबर नाही. २००० साली झालेल्या कायद्यापासून एच-वन-बीवाला नोकरी बदलू शकतो. नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की त्या दिवसापासून तिथे काम सुरू करता येतं. माझ्या टीममधले लोक दर दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि प्रत्येक वेळी पगार वाढवून घेतात. ते गप्प बसलेले मला तरी दिसत नाहीत. तुमचा गेटपासवाला कामगार हे करू शकत होता का?

इंद्रायणीकाठ

नव्हता करू शकत. हे मी लिहायला हवं होतं, चूक मान्य.

पण काल भाचीला हेच विचारलं, तर तिने जे सांगितलं ते तसंच लिहिते. व्हिसा बदलता येतो. ग्रीन कार्डाची प्रक्रिया मात्र नव्या कंपनीला पहिल्यापासून करावी लागते: आधी जागेची जाहिरात, अमेरिकन उमेदवार मिळत नाही हे दाखवणं, लेबर खात्याची मंजुरी, मग आय-१४०. आधीची आय-१४० मंजूर असेल तर रांगेतला जुना नंबर टिकतो, पण बाकीची शिडी पुन्हा चढायची, आणि नव्या कंपनीने मध्येच माणसं कमी केली तर अर्धवट लटकायचं. तिच्या ऑफिसात दोनदा लेऑफ झाले. तिला बाहेरून चांगल्या पगाराची ऑफर होती. तिने घेतली नाही, कारण नवी कंपनी म्हणाली की ग्रीन कार्डाचं एका वर्षानंतर बघू. तुमच्या टीममधले जे बदलतात त्यांच्याकडे आय-१४० आहे का, हे एकदा विचारा.

मावळवारा, एकच माप हे तुमचं म्हणणं मला पटलं. पण ८० टक्क्यांचा आग्रह धरताना उरलेल्या वीसांना आपण असं म्हणत नाही की नोकरी गेली तर ६० दिवसांत महाराष्ट्र सोडा. बाहेरचे किती घ्यायचे हे त्या देशाने ठरवावं, पासष्ट हजारांचे तीस हजार करावेत, माझी तक्रार नाही. जो आत घेतला त्याला इतरांसारखं उभं राहू द्या. आणि पुण्यात काम येतंय याचा मलाही आनंद आहे, पण तिकडे सिनेटमध्ये बाहेर पाठवलेल्या कामाच्या पैशांवर २५ टक्के कर लावायचं विधेयक मांडलं गेलंय हेही लक्षात असू द्या.

मावळवारा

विधेयक मांडणं आणि मंजूर होणं यात फार अंतर आहे. माझं मत तेच. मात्र परत येणाऱ्याला आणखी एक फटका बसतो तो कोणी लिहिला नाही. दहा वर्षं भरायच्या आत परत आलं तर तिकडे सोशल सिक्युरिटीत, म्हणजे सरकारी पेन्शनसाठी, कापलेले पैसे बुडतात, कारण त्यासाठी भारत आणि अमेरिकेत करार नाही. माझ्या भावाचे सात वर्षांचे गेले. आपल्या सरकारने फीबद्दल बोलण्यापेक्षा हा करार आधी करून घ्यावा.

अटकेपार

ताई, विचारलं. टीममध्ये सहा जण एच-वन-बीवर आहेत. गेल्या पाच वर्षांत बाहेरून आलेल्या चौघांकडे येण्यापूर्वीच आय-१४० होती. उरलेले दोघं इथेच लागले, त्यांच्याकडे ती नाही. त्यातला एक सात वर्षांपूर्वीच्याच पदावर आहे, आणि तो त्या चौघांपेक्षा चांगला इंजिनिअर आहे. त्याचा मॅनेजर मीच आहे.

फीवरचं मत बदललेलं नाही, कन्सल्टन्सीवाल्यांना चाप हवाच. ६० दिवसांचे १८० करायला मात्र माझी हरकत नाही. त्या मुलाशी सोमवारी बोलणार आहे.