मदत हवी आहे: वादळात गेलेल्या सुपारीच्या वाडीचं नुकसान मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी,

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं आणि नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या गावापुरता त्या नुकसानीचा हिशेब नीट मांडायचं आम्ही काही जणांनी मनावर घेतलं आहे. कुठे अर्ज करायचा नाहीये. पुढचं वादळ येईल तेव्हा पंचनाम्यात न येणारं काय काय जातं, हे दाखवणारा कागद गावाकडे असावा, एवढ्यासाठी. अर्थशास्त्र, विमा किंवा कृषी खात्यातलं कोणी इथे असेल तर कृपया वाचा.

सरकारने तेव्हा फळबागांची मदत हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजारांवर नेली, 2 हेक्टरांपर्यंत. पण आमच्याकडे वाडी गुंठ्यांत असते. 10 गुंठ्यांना या दराने 5 हजार रुपये होतात. पावणेतीन मीटरवर लावलेली सुपारी तेवढ्या जागेत 130 च्या आसपास बसते, म्हणजे झाडामागे 40 रुपयेसुद्धा नाहीत. पुढे झाडामागे मदत द्यायचं ठरलं, तरी प्रश्न उरतोच. मदत वेगळी, नुकसान वेगळं, हे मान्य. पण नुकसानीचा आकडा कुणी लिहून ठेवत नाही, त्यामुळे मदतीचा आकडाच नुकसान म्हणून कायम होतो. हे मला फार खटकतं.

वाचताना संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिका आयोगाने बसवलेली पद्धत सापडली. मोडलेल्या मालमत्तेची हानी एका बाजूला, त्यामुळे पुढे बुडालेलं उत्पन्न आणि वाढलेला खर्च, म्हणजे तूट, दुसऱ्या बाजूला. केरळच्या 2018 च्या पुरानंतर झालेल्या मोजणीत हानी सुमारे 10,557 कोटी आणि पुढची तूट 16,163 कोटी निघाली होती. मोडलं त्यापेक्षा बुडालं जास्त. आमच्याकडेही तसंच असणार, कारण पडलेलं घर वर्षभरात उभं राहतं, पण सुपारी धरायलाच पाच-सात वर्षं लागतात आणि भरात यायला आणखी काही.

माझी अडचण झाडापाशीच आहे. उभ्या झाडाची किंमत म्हणजे त्याच्याकडून पुढे मिळणारं उत्पन्नच ना? मग झाडाची किंमत हानीत आणि बुडालेलं पीक तुटीत धरलं, तर एकच पैसा दोनदा मोजला जातो. नुसती रोपाची किंमत धरली तर आकडा हास्यास्पद लहान येतो. म्हणून सध्या असं केलंय: पडलेली झाडं उचलणं, खड्डे, रोपं, शेणखत, सावलीसाठी केळी, हा नव्या लागवडीचा खर्च हानीत. नवी वाडी जुनीइतकी देऊ लागेपर्यंत बुडणारं पीक तुटीत, त्यातून वाचलेली काढणी-सोलणीची मजुरी वजा. हे बरोबर आहे का? आणि जे झाड म्हातारंच झालं होतं, दहा वर्षांत काढावंच लागलं असतं, त्याला वेगळं कसं धरायचं?

सुपारीवर चढवलेली मिरवेल आणि सावलीतली जायफळं यांचाही हिशेब लागतो. पंचनाम्यात ती बहुधा दिसत नाहीत.

भाव कोणता घ्यावा? इतक्या वाड्या एकदम गेल्यावर पुढचा भाव वादळामुळेच बदललेला असू शकतो. मी आधीच्या तीन वर्षांची सरासरी घेतोय. पुढच्या वर्षांचे पैसे आजच्या किमतीत आणताना व्याजदर मुदत ठेवीचा धरू की पीककर्जाचा? पंधरा वर्षांच्या हिशेबात तेवढ्याने आकडा बराच हलतो.

सगळ्यात अवघड म्हणजे पर्यटन. दिवेआगरला वाडीतच खोल्या काढून पाहुणे ठेवणारी घरं खूप आहेत. पण वादळ आलं तेव्हा टाळेबंदीमुळे खोल्या आधीच रिकाम्या होत्या. 2019 शी तुलना केली तर करोनाचं नुकसानही वादळाच्या खात्यात पडेल, आणि ते मला नकोय. वादळ न लागलेल्या, तशाच पर्यटनावर चालणाऱ्या दुसऱ्या किनाऱ्याशी तुलना करावी असं वाटतं, पण सिंधुदुर्गातलं गाव घेतलं तर चालेल का?

घरच्यांनी केलेल्या कामाची मजुरी धरायची की नाही, यावर आमच्यात दोन तट आहेत. माझ्या मते गावच्या चालू दराने धरावी.

कुणी आंबा, काजू किंवा द्राक्षबागेचा असा हिशेब प्रत्यक्ष केला असेल, तर निदान तक्त्यातले रकाने तरी कळवा. सातबारा सामायिक असल्यामुळे मुंबईकर हिस्सेदारांकडूनही माहिती घ्यायची आहे आणि गणपतीत सगळे गावी येतात, त्याआधी प्रश्नावली पक्की करायची आहे.