मोटार न घेता राहता येईल असं युरोपातलं शहर कोणतं?

कोथरूडकर: आयटीतली नोकरी, बायको, सहा वर्षांची मुलगी. नेदरलँड्स किंवा जर्मनीत जायचं घाटतंय. मोटार घ्यायची नाही. शाळा, किराणा, दवाखाना पायी किंवा सायकलवर व्हावं. ‘कार-फ्री’ शोधलं की व्हेनिस आणि स्वित्झर्लंडमधलं झेरमाट समोर येतात. तिथे काय नोकरी करणार?

सायकलस्वार: शहर नको, वस्ती शोधा. मोटारबंदी बहुधा जुन्या बाजारपेठेपुरती असते. तिथे भाडं जास्त आणि घरं लहान. पुण्यात ११ डिसेंबरला पादचारी दिनी लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवतात, म्हणून पेठेत कुणी स्कूटर विकली नाही!

नेदरलँड्समधलं, उट्रेख्त शहराजवळचं हाउटन बघा. भोवती रिंग रोड. मोटारीने शेजारच्या वस्तीत जायचं तरी आधी रिंग रोडवर यावं लागतं. सायकल मात्र मधून सरळ जाते. दोन स्टेशनं आहेत, उट्रेख्त रेल्वेने दहाएक मिनिटांवर. नेदरलँड्सच्याच ग्रोनिंगन शहराने १९७७ मध्ये असंच केलं: मध्यभागाचे चार तुकडे, एकातून दुसऱ्यात मोटार थेट जात नाही. पण ॲमस्टरडॅमपासून रेल्वेने दोन तास; रोज ऑफिसला जायचं असेल तर विसरा.

नकाशेवाला: घर पसंत पडलं की पत्ता नकाशात टाकून दोन वेळा तपासा: सोमवारी सकाळी ८ला शाळेपर्यंत आणि रविवारी रात्री १०ला स्टेशनपासून. बस तासाला एक असेल तर थांबा दारात असून उपयोग नाही. सुपरमार्केट ५००-६०० मीटरच्या आत हवं, आणि हे अंतर चालत मोजा. मध्ये कालवा किंवा रूळ आला की सरळ रेषेतले ३०० मीटर सहज किलोमीटर होतात.

नेदरलँड्समध्ये ‘या पत्त्यावर नोंदणी होणार नाही’ अशी जाहिरात असेल तर ते घर सोडाच. नोंदणीशिवाय नागरिक क्रमांक मिळणं अवघड, मग पुढची कामं अडकतात. जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नोंदणी करायची. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद किल्लीबरोबरच मागून घ्या.

सायकलला दोन कुलपं, त्यातली साखळी स्टँडला अडकवायची. थंडीपेक्षा वारा आणि आडवा पाऊस जास्त छळतो, रेनकोटची पँटही घ्या. नेदरलँड्समध्ये डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो, म्हणजे शाळेला अंधारात जायचं. दिवे लागतातच.

कोथरूडकर: आई-बाबा येऊन राहतील. त्यांना सायकल जमणार नाही.

सायकलस्वार: मग ट्रामचं गाव घ्या. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरातली वौबान वस्ती: ट्राम २००६ पासून आहे. बहुतेक घरांना दारात पार्किंग नाही. मोटार असलीच तर कडेच्या गराजमध्ये जागा विकत घ्यायची, नसेल तर तसं लिहून द्यायचं. अडचण एकच, तिथे घर मिळत नाही. ट्रामच्याच मार्गावर पुढेमागे बघा. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, भाजी शनिवारीच भरून ठेवा.

आणि नेदरलँड्सच ठरलं तर आधी जिना बघा. जुन्या डच घरांत तो शिडीइतका उभा असतो, बाबांचे गुडघे ऐकणार नाहीत.