शाईपेन आणि कोकणची हवा : आपापले अनुभव लिहा

रोजच्या कामात शाईपेन वापरणाऱ्यांसाठी हे आमंत्रण. संग्रह, किमती, महागड्या डब्यांचे फोटो यांवर बोलायला इतर जागा पुष्कळ आहेत. इथे दुधाचा हिशेब, वाणसामानाची यादी, वह्या तपासणं, डायरी, पत्रं, एवढंच. कोणतं पेन, कोणती शाई आणि मुख्य म्हणजे आपल्याकडच्या हवेत ती कशी वागते ते लिहा. घाटावरच्या कोरड्या हवेत बसून कोणी एखाद्या शाईचं कौतुक करतं, आपण ती मागवतो आणि जुलैत तीच शाई कागदावर माशाच्या काट्यांसारखी फुटते. किनाऱ्यावर शाई आधी हवा बघून घ्यावी, रंग मागाहून, असं माझं ठाम मत आहे. पटत नसेल तर खुशाल भांडा.

रत्नागिरी

सुरुवात मीच करतो. पावसाळ्यात इथे कागद कपाटात नुसता ठेवला तरी ओल धरतो. कागदाला लावलेली खळ शाईला वर थोपवून धरते. ओलीने तिचा जोर कमी पडतो आणि शाई तंतूंमधून पसरत जाते, शिवाय वाळायला वेळ लावते. म्हणून माझी पेनं दोन. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत जाड निबेचं, शाई सढळ सोडणारं. मिरगाच्या सुमारास ते धुऊन ठेवतो आणि बारीक निबेचं जपानी पेन काढतो. जपानी 'फाइन' ही युरोपातल्या 'फाइन'पेक्षा बारीक असते. देवनागरीला ते मानवतं, कारण 'ष'चं पोट आणि 'क्ष'ची गाठ बुजत नाही. शाई पेलिकन ४००१. ही शाई मुळातच हात आखडून उतरते. उन्हाळ्यात मला ती चिक्कू वाटते, पावसात तोच तिचा गुण होतो. वही घेताना दुकानदार ओळखीचा असला तर शेवटच्या पानावर एक रेघ ओढून बघतो आणि मागून दिसते का पाहतो. कागदाच्या जाडीवर जाऊ नका. जाड कागदही फोडतो.

दापोली

शाळेत मराठी शिकवते. मुलांचं शुद्धलेखन तपासताना बॉलपेनने मनगट भरून यायचं. शाईपेनला दाब लागत नाही, तेव्हा त्या कामाला तेच बरं.

माझी अडचण शिरोरेषेची. आपण शब्द पुरा करून वर रेघ ओढतो. पावसाळी दिवसांत खालची अक्षरं अजून ओली असतात, त्यावरून निब गेली की कान्याची टोकं फिसकटतात. आता फळ्यावरचा सुविचार वहीत उतरवतानासुद्धा अख्खी ओळ आधी लिहिते, मग मागे येऊन रेघा ओढते. वर्गात एक डावखुरी मुलगी आहे. तिचा हात लिहिलेल्यावरूनच सरकतो. तिला वहीचं वरचं टोक उजवीकडे कलतं ठेवून हात ओळीच्या खाली ठेवायला शिकवलं. आता तिची करंगळी निळी होत नाही, आणि वर्गात सगळ्यांत सुबक अक्षर तिचंच आहे.

राजापूर

ताई, मोडीत हा प्रश्नच येत नाही. आडवी रेघ आधी पानभर ओढून घ्यायची आणि अक्षरं तिला टांगायची. आमच्या घरात जमिनीचे जुने मोडी कागद आहेत, ते वाचता यावेत म्हणून मी मोडी शिकलो. मूळ कागद बोरूने लिहिलेले. बोरूचं टोक तिरकं छाटलेलं असतं, त्यामुळे रेघ आपोआप जाड-बारीक होते. तशी मजा हवी असेल तर सपाट टोकाची 'स्टब' निब घ्या. सरावाला मात्र साधी गोल निबच बरी. मोडीत हात फारसा उचलायचा नसतो, आणि शाईपेन त्या धावण्याला अडवत नाही.

चिपळूण

आमचं किराणा दुकान. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा दुकानातल्या वह्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर चिखल धुऊन पानं सुटी करत बसलो, आणि शाईशाईतला फरक तेव्हा दिसला.

मी रोज रॉयल ब्लू वापरायचो. त्या वह्यांची पानं फिकट निळी झाली होती, अक्षर एक नाही. ती शाई म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग. कपड्यावरून सहज निघते हा तिचा गुण, आणि तोच त्या दिवशी आड आला. बॉलपेनची नोंद तेलकट शाईची, ती राहिली. आणि आजोबांच्या हातची निळी-काळी वही, जी कोणी उघडतही नव्हतं, ती जवळजवळ जशीच्या तशी! थोडी तपकिरी झालेली, पण आकडा न् आकडा लागतो. चौकशी केली तेव्हा कळलं की त्या जातीच्या शाईत लोह आणि टॅनिन असतं. लिहिताना ती फिकी दिसते, हवेतल्या ऑक्सिजनने काळवंडते आणि न विरघळणारी होऊन कागदाच्या तंतूंना धरून बसते. आज 'ब्लू-ब्लॅक' लिहिलेली प्रत्येक बाटली तशी नसते, बघून घ्या. पेलिकन आणि प्लॅटिनम या दोन्ही कंपन्यांच्या ब्लू-ब्लॅकमध्ये लोह आहे. उधारीला आता तीच.

उधारीचं म्हणाल, तर बहुतेक गिऱ्हाइकांनी आपला आकडा स्वतःहून येऊन सांगितला. एकदोघांची स्मरणशक्ती मात्र पुरात गेली.

मालवण

आमचा मासेमारीचा धंदा. लहानपणी आई माकूल साफ करायला बसली की काळी पिशवी मी मागून घ्यायचे. "माकलाची शाई कोण राखता गो?" म्हणून ती ओरडायची. सेपिया रंग पूर्वी खरोखर माकलाच्या जातीच्या प्राण्यांच्या शाईपासून करत, हे कॉलेजात वाचल्यावर तिला अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, बरं, आधी हात धू.

ती शाई टाकाने कागदावर छान उतरते. वाळली की काळपट तपकिरी दिसते. पण वास! पेनात भरायचा विचारसुद्धा करू नका. पेनात मी बाजारातली तपकिरी भरते आणि रोजचा लिलावाचा भाव डायरीत टिपते. पापलेटचा भाव तपकिरी रंगात जरा कमी बोचतो.

(मध्येच, रत्नागिरी)

व्यक्तिगत निरोपात दोघांनी विचारलं की ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई पेनात चालेल का. नाही. त्या शाईत लाख असते, ती निबेखालच्या जिभेत वाळली की पेन कायमचं बसतं. न पुसणारी काळी हवीच असेल तर शाईपेनासाठी केलेली रंगद्रव्याची शाई मिळते, प्लॅटिनम कार्बन किंवा सेलरची किवागुरो. पेन रोज चालवायचं, आठवडाभर पडू द्यायचं नाही.

वेंगुर्ले

वय झालं, नोकरीतून केव्हाच सुटलो. आम्ही शाळेत शाईची पूड पाण्यात कालवून दौत भरत होतो. आताच्या पोरांना कॅम्लिन म्हणजे रंगपेटी. १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी कंपनी काढली ती मुळात शाईची, 'हॉर्स ब्रँड'च्या पुड्या आणि गोळ्या.

माझं पेन एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, ड्रॉपरने थेट पोटात शाई भरायचं. सगळे म्हणतात गळतं. गळत नाही, ओकतं, आणि त्याला कारण आहे. शाई कमी झाली की पोटात हवा जास्त होते, हाताच्या ऊबेने ती फुगते आणि शाईला जिभेतून बाहेर ढकलते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उकाड्यात हे ठरलेलं. तेव्हा अर्ध्यावर आलं की भरा, आणि आट्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. एबोनाइट गरम पाण्यात बुडवू नका, उन्हातही ठेवू नका. काळं पेन मातकट होतं.

अलिबाग

नोकरी मुंबईत, घर इथे. घर महिनोन्महिने बंद असतं. परत येऊन ड्रॉवर उघडला की पेनं वाळलेली आणि शाईच्या बाटलीत पांढरी साय. ती बुरशी. तशी बाटली सरळ ओतून टाकायची, गाळून वापरायची नाही, आणि त्यातून भरलेलं पेन निघेल तितकं सुटं करून धुवायचं. जुन्या शाईंना जो दवाखान्यासारखा वास येई तो फिनॉलचा, बुरशी धरू नये म्हणून घातलेला असे. आता बंद घरात एकच पेन भरून ठेवतो, प्लॅटिनम प्रेपी. त्याच्या टोपणात आत एक स्प्रिंगवर दबणारी टोपी असते, ती निब झाकून टाकते. स्वस्त आहे आणि दर वेळी पहिल्याच रेघेला उतरतं. खाऱ्या वाऱ्याने क्लिप गंजली, ती गंजू दे.

सावंतवाडी

घरी शाई करून बघणाऱ्यांसाठी. हिरड्याची पूड उकळून गाळायची, त्यात हिराकस (लोहाचा क्षार) आणि डिंक घालायचा. चिपळूणकरांच्या आजोबांच्या शाईचंच हे गावठी भावंड. दुसऱ्या दिवशी अक्षर काळंभोर होतं. हिराकस जास्त झाला तर काही वर्षांनी कागदच खाल्ला जातो, म्हणून हात राखून. आणि ही शाई टाकाने किंवा बोरूनेच. गाळ बसतो, पेन तुंबतं.

गुहागर

तुम्ही सगळे लिहिता, डाग आम्ही धुतो! यजमानांच्या पांढऱ्या शर्टांचे खिसे बघा एकदा येऊन. रॉयल ब्लूचा डाग लगेच गार पाण्याखाली धरला तर निघतो, गरम पाणी घालू नये. लोहाच्या शाईचा डाग साबणाने हटत नाही, वर गंजासारखा पिवळट ठसा राहतो. त्याला परसातलं बिंबल, ते आंबट हिरवं फळ. कापून डागावर चोळायचं, थोडा वेळ ठेवून धुवायचं. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर, ते लोह सोडवतं. निळा रंग थोडा राहतो, त्यासाठी पुन्हा साबण. रंगीत कापडावर आधी कडेला लावून बघा, रेशमावर अजिबात नको. आणि बिंबल उरलं तर बांगड्याच्या तिखल्यात घाला.