परदेशी विद्यार्थी गिऱ्हाईक कधीपासून झाला?

बोरूबहाद्दर
परवा भाचीच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकेत तीन तास बसलो. इंग्लंडला निघालीय. तिथल्या पोरांच्या दुपटीहून जास्त फी, आणि तारण आमचं राहतं घर. माझं मत: हा बाजार ब्रिटननेच मांडला. १९६७ साली परदेशी मुलांना वेगळी फी लावली, १९८० पासून थॅचरबाईंच्या सरकारने पूर्ण खर्चच वसूल करायला घेतला. त्याआधी लोक विद्येसाठी जात.

शेंगदाणा
साफ असहमत. बाराव्या-तेराव्या शतकातलं इटलीतलं बोलोन्या विद्यापीठ बघा. परमुलखातून आलेल्या पोरांना शहराचं संरक्षण नव्हतं. एकाने उधारी बुडवली की सावकार त्याच्या दुसऱ्या देशबांधवाची मानगूट धरायचा. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने फर्मान काढून ते बंद केलं. पुढे पोरांनी संघ बांधला, त्याचं नाव 'युनिव्हर्सितास'. मास्तरांचे पैसे पोरं देत. तास उशिरा सुरू केला तर मास्तरला दंड, रजा हवी तर पोरांची परवानगी! १२२२ मध्ये काहीजण रुसून पादुआला गेले, तर तिथे नवं विद्यापीठ उभं राहिलं. गिऱ्हाईकच होते की. फक्त तेव्हा गिऱ्हाईकाचा वट होता.

जाईजुई
युरोपातच का अडकलात? सातव्या शतकात चीनहून आलेला यिजिंग नालंदेत दहा वर्षं राहिला. दोनशेहून जास्त गावांच्या उत्पन्नावर मठ चालतो, असं त्याने लिहिलंय. फी कुठे होती?

शेंगदाणा
फी नसेल, राजकारण होतंच. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाच्या, म्हणजे आजच्या सुमात्राच्या, राजा बालपुत्रदेवाने नालंदेत विहार बांधला, आणि त्याच्या खर्चासाठी पाल राजा देवपालाने पाच गावं दिली. ताम्रपटच आहे. दूतावासाचं हॉस्टेल म्हणा हवं तर. ;)

उंबरठा
फी, फी काय लावलंय? बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, बदल्यात दहा वर्षं चाकरीचा करार. म्हणजे व्यवहारच. तो पाळायला १९१७ मध्ये बडोद्याला उतरले, तर राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसं दारात. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. हे कुठल्या रकान्यात मांडणार?

बोरूबहाद्दर
@उंबरठा, रकाना नाही, मान्य. १९८० चा हट्टही सोडला.
भाचीला बोलोन्याच्या दंडाचं वाचून दाखवलं. म्हणाली, "मामा, ते राहू दे, जामीनदार म्हणून तुझी सही अजून बाकी आहे."