चेरी कोळंबीच्या सोंडेवर पांढरे धागे, एकीच्या पोटाखाली हिरवट झुपका: मिठाचं पाणी चालेल का?

मॉसवाला:
४० लिटरची टाकी, स्पंज फिल्टर, पाणी २४ अंश, साधारण ६० चेरी कोळंब्या. सात-आठ जणींच्या सोंडेच्या टोकावर पांढरे, १ मिमीच्या आतले धागे दिसतात. एका कोळंबीच्या पोटाखाली पिवळसर हिरवा झुपका आहे; आधी अंडी वाटली. दोन्ही एकाच मिठाच्या पाण्याने जाईल का? माशांचं परजीवीवरचं औषध घरात आहे, ते टाकू का?

भिंगवाले:
औषधाच्या बाटलीवर तांबं किंवा कॉपर सल्फेट लिहिलेलं असेल तर ती टाकीजवळसुद्धा नेऊ नका. माशाला सोसणारी मात्रा कोळंबीला मारते.

आता धागे. कोळंबी पारदर्शक डबीत घ्या आणि १० पटीच्या भिंगाने बघा. जंतासारखी हालचाल, पुढच्या टोकाला दोन शिंगं: स्कुटारिएला जपोनिका, म्हणजे चपटा कृमी. देठावर घंटेसारखे कप आणि डबीला टिचकी मारताच देठ स्प्रिंगसारखा आखडला, तर व्हॉर्टिसेला, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव. तो जिवाणू खातो, कोळंबीच्या अंगावर फक्त घर करतो. तो फार वाढला तर खाणं जास्त पडतंय आणि तळाशी घाण साठतेय, असं समजा.

मॉसवाला:
दोन शिंगं स्पष्ट दिसली.

खारट पाणी:
मग स्कुटारिएलाच. टाकीतल्याच २५० मिली पाण्यात १५ ते १८ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. तळाला खडे राहिले तर कोळंबी थेट त्यांवर बसते. कोळंबी जाळीसकट बुडवा, ३० सेकंद ते १ मिनिट. उड्या मारेल, ते चालतं. आडवी पडली तर वेळ न बघता लगेच बाहेर. नुकतीच कात टाकलेली, मऊ कोळंबी बुडवू नका.

आयोडीनयुक्त मिठाचा जो बाऊ केला जातो, तो मला पटत नाही. मिनिटभरात इतक्या अल्प आयोडीनने काही होत नाही. तरी बिनआयोडीनचं हाताशी असेल तर तेच घ्या.

फसतं ते पुढेच. अंडी कल्ल्यांच्या कप्प्यात असतात आणि मिठाचं पाणी त्यांचं काही करत नाही. कात टाकली की ती कातीबरोबर बाहेर येतात आणि टाकीत फुटतात. एरवी ‘कात राहू द्या, क्षार मिळतात’ हा सल्ला बरोबर आहे, इथे तोच उलटतो. दिसेल ती कात लगेच काढा, आणि हे महिनाभर तरी चालू ठेवा. मोठी कोळंबी साधारण ३-४ आठवड्यांनी कात टाकते, म्हणून आठवड्याभरात थांबलात तर पुन्हा पहिल्यापासून.

गोळी-पावडर:
६० जणींना एकेक करून बुडवणं म्हणजे ताणच. निम्म्याहून अधिक बाधित असतील तर प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक, प्रति लिटर २ ते ५ मिग्रॅ. तुमच्या ४० लिटरला ८० ते २०० मिग्रॅ. ते पाण्यात जेमतेम विरघळतं. नुसती पावडर टाकली तर तळाशी बसते आणि ‘औषध चाललं नाही’ अशी तक्रार येते. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये घोळवा. फिल्टरमधला कोळसा काढा, हवा वाढवा. अंडी यानेही मरत नाहीत, त्यामुळे दुसरी मात्रा लागतेच. फेनबेंडाझोल या दुसऱ्या कृमिनाशकाचा पर्याय सुचवतील, पण नेराइट गोगलगायी असतील तर तो नको.

भिंगवाले:
हिरव्या झुपक्याचं राहिलं. अंडी गोल, सुटी असतात, मादी ती सतत पायांनी हलवते आणि पुढे त्यात डोळ्यांचे काळे ठिपके दिसतात. तुमचं तंतूंसारखं असेल तर क्लॅडोगोनियम. ‘हिरवी बुरशी’ म्हणतात, पण ते परजीवी शेवाळ आहे आणि मुळं अंगात गेलेली असतात. म्हणून वरून मिठाने झुपका झडला तरी पुन्हा उगवतो. नरांच्याही पोटाखाली बघा. बाधित कोळंबी आजच वेगळी करा, तिची जाळी आणि नळी मुख्य टाकीत वापरू नका. मॅलॅकाइट ग्रीन (माशांच्या बुरशीवरचं रंगद्रव्य-औषध) वापरणारे आहेत, पण मात्रा जरा चुकली तर कोळंबीच जाते. एकच बाधित असेल तर टाकी वाचवा, तिच्यावर प्रयोग नको.

मॉसवाला:
वेगळी केली. आणखी एक कोळंबी पाठीमागून दुधाळ झालीय. तिलाही मीठ?

खारट पाणी:
नाही. कात टाकण्याआधी किंवा ताणात सगळं अंग थोडं धूसर होतं, ते दोन-तीन दिवसांत निवळतं. स्नायूच अपारदर्शक पांढरे झाले आणि पांढरेपणा पसरत गेला तर मायक्रोस्पोरिडिया, म्हणजे स्नायूंत वाढणारे सूक्ष्म परजीवी. त्यावर इलाज नाही. तीही वेगळ्या डबीत ठेवा, आणि मेली तर तासाभरात काढा. बाकीच्या तिला खातात आणि बीजाणू त्यांच्या पोटात जातात.