विषय: घरी फोर्ट्रान चालवायचंय

मंडळी, नमस्कार.
जुन्या फायली उपसताना चौकटी-तुळयांचं गणित करणारा माझा 1984 सालचा फोर्ट्रान (गणिती कामाची जुनी संगणकभाषा) प्रोग्रॅम सापडला. नातीला चालवून दाखवावा म्हटलं. नोकरीत असताना कंपायलरच्या (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) लायसन्सचे पैसे कंपनी भरायची. आता एका विक्रेत्याने आकडा सांगितला आणि मी फोनच ठेवला. हौसेला मोल नसतं हे खरं, पण इतकं? परवडेल असं काही आहे का?
– माजी खजिनदार

उत्तर:
काका, नमस्कार. पाकीट खिशातच राहू द्या. जीसीसी हा कंपायलर 1987 पासून फुकट मिळतोय. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो सी भाषेसाठी सुरू केला, आता त्याच संचात जीफोर्ट्रान हा फोर्ट्रानचा कंपायलर येतो. लिनक्सवर एका कमांडमध्ये बसतो, विंडोजवर एमसिस2 या फुकट संचातून घ्या. इंटेलचा फोर्ट्रानही पूर्वी विकतच होता, हल्ली त्यांच्या वनएपीआय या संचामध्ये फुकट उतरवता येतो. पण तुमच्या कामाला जीफोर्ट्रान पुरे. उद्या प्रोग्रॅम विकायचा ठरवलात तरी त्याला जीसीसीच्या लायसन्सच्या अटी चिकटत नाहीत, तशी सूट लेखी आहे.
– वेबसाइट सांभाळणारी

उत्तर:
पोरी, बसवला. कंपाइलही झाला, पण उत्तरं भलतीच. पहिली चौकट बरी येते, दुसरीपासून आकडे वेडेवाकडे. फुकटचं ते फुकटचंच की काय?
– माजी खजिनदार

उत्तर:
काका, दोष कंपायलरचा नाही! कोड पाठवलात ते बरं झालं.
जुन्या पद्धतीच्या फोर्ट्रानमध्ये ओळ 72 व्या रकान्याला (अक्षराला) संपते. पुढचं जीफोर्ट्रान वाचतच नाही. तुमच्या कंपनीचा कंपायलर लांब ओळी चालवून घेत असणार. त्यामुळे एका ठिकाणी ‘लोड12’ मधला 2 कापला गेला आणि उरला ‘लोड1’. फोर्ट्रान न सांगताही नवा व्हेरिएबल (आकडा ठेवायचं नाव) मान्य करतो, म्हणून एररही नाही. ओळीची मर्यादा वाढवणारा पर्याय द्या. आणि वॉर्निंग्ज सगळ्या चालू ठेवा, हे तर त्यात दिसलंच असतं.
दुसरं म्हणजे, सबरूटीनमधले (प्रोग्रॅमच्या पुन्हा पुन्हा बोलवता येणाऱ्या तुकड्यातले) आकडे पुढच्या कॉलपर्यंत तसेच राहतील असं तुम्ही धरून चाललात. त्या काळी बरेच कंपायलर ते राखायचे, पण भाषेने तसं वचन कधीच दिलेलं नाही. त्या व्हेरिएबल्सना ‘सेव्ह’ लावा. एकेकाला लावायचा कंटाळा आला तर सगळ्यांना एकदम तेच करणारा ‘नो-ऑटोमॅटिक’ पर्याय आहे.
– वेबसाइट सांभाळणारी

उत्तर:
मध्येच बोलतो. पास्कल या दुसऱ्या जुन्या भाषेवाल्यांसाठी फ्री पास्कल हा कंपायलर आणि लाझारस आहे, डेल्फी या पास्कलच्या विकतच्या साधनासारखाच फॉर्म (प्रोग्रॅमची खिडकी) मांडता येतो. डेल्फीची कम्युनिटी आवृत्तीही फुकट आहे, पण तिला कमाईची मर्यादा आहे. मायक्रोसॉफ्टची व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी एकट्या माणसाला मोकळी, मोठ्या कंपन्यांना नाही. ‘फुकट’ शब्दापुढची ओळ वाचल्याशिवाय ‘मान्य’वर क्लिक करू नका.
– गणपतीचा डेकोरेशनवाला

उत्तर:
मंडळी, चालला! तिन्ही चौकटींची उत्तरं जुन्या छापील कागदाशी जुळली. मग पोरीने ‘बाउंड्स’ तपासणी (ठरलेल्या घरांबाहेर लिहिलं जातं का हे पाहणारी) चालू करायला लावली, तर पन्नास घरांच्या ॲरेत (आकड्यांच्या रांगेत) माझा लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग) एक्कावन्नाव्या घरात लिहिताना सापडला. 1984 पासून. तेव्हाच्या महागड्या कंपायलरवर ही तपासणी आम्ही वेग जातो म्हणून बंदच ठेवायचो. नशिबाने इतकी वर्षं निभावलं.
– माजी खजिनदार